आवर्तसारणी उभी वाचायची असते

2023 मध्ये केंद्रीय मंडळाच्या शाळांत चालणाऱ्या एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून मूलद्रव्यांच्या आवर्ती वर्गीकरणाचं, म्हणजे आवर्तसारणीचं, प्रकरण वगळलं गेलं. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या पुस्तकात ते प्रकरण आहे. म्हणजे नागपुरात एकाच गल्लीत वाढणाऱ्या दोन मुलांपैकी जे राज्य मंडळाच्या शाळेत जातं, त्याला आवर्तसारणी दहावीत भेटते. जे केंद्रीय मंडळाच्या शाळेत जातं, त्याला ती अकरावीत भेटणार, आणि तीही त्यानं विज्ञान शाखा घेतली तरच. हा फरक लहान नाही, म्हणून त्यावरचा वाद अजून धुमसतो आहे. पण तो ज्या तऱ्हेनं घातला जातो, त्याचं वाईट वाटतं. एक बाजू म्हणते, एकशे अठरा नावं पाठ करून कुणाचं भलं झालं, मुलांच्या डोक्यावरचं ओझं उतरवा. दुसरी म्हणते, सारणी मांडणाऱ्या मेंडेलीव्हला पुस्तकाबाहेर काढणं हा विज्ञानाचा अपमान आहे. एक गोष्ट मात्र दोन्ही बाजूंनी न बोलता मान्य केलेली आहे: आवर्तसारणी म्हणजे प्रयोगशाळेच्या भिंतीवरचा तक्ता, आणि ती शिकणं म्हणजे तो तक्ता पाठ करणं. एकदा हे मान्य केलं की तक्ता पाठ करावा की करू नये, एवढंच भांडण उरतं.

माझं म्हणणं असं आहे. आवर्तसारणी दहावीत, सगळ्या मंडळांच्या सगळ्या मुलांना शिकवली पाहिजे. आणि तिचं पाठांतर कुठल्याही परीक्षेत विचारू नये. शिकवायचे ते गण, सारणीतले उभे स्तंभ. एका गणातली मूलद्रव्यं एकमेकांसारखी का वागतात, स्तंभात खाली उतरताना तो स्वभाव कसा बदलत जातो, आणि एकाची ओळख असली की न पाहिलेल्या दुसऱ्याबद्दल किती सांगता येतं व कुठे थांबावं लागतं. यातली शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची आहे, आणि तीच सर्वांत कमी शिकवली जाते.

ओझ्याची तक्रार खोटी नाही, हे आधी कबूल करू. आठवी-नववीतली पोरं शाळा सुटली की कोचिंगला जातात, तिथे त्यांना वेळेशी शर्यत लावून प्रश्न सोडवायचे असतात, आणि मग सारणीच्याही ओळी घोकल्या जातात. ‘बेटा मांगे कार स्कूटर बाप राजी’ ही ओळ नागपुरात मराठी शाळेतल्या मुलांनाही येते. बेरिलियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, स्ट्राँशियम, बेरियम, रेडियम. दुसरा गण झाला. पण ही ओळ धडाधड म्हणणाऱ्या मुलाला विचारा, की बोअरचं पाणी जड असतं ते यांतल्या कुणामुळे? बेरियमची पाण्यात विरघळणारी संयुगं विषारी असतात, तरी पोटाचा एक्स-रे काढण्याआधी डॉक्टर बेरियम सल्फेट प्यायला देतात, ते कसं चालतं? (ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, म्हणून.) ओळ गणाचीच होती, पण गण कळलाच नाही. अशा घोकंपट्टीविरुद्ध जे पालक बोलतात, त्यांच्या बाजूनं मी आहे. प्रश्न एवढाच, की दुखणं घोकंपट्टीचं असताना शस्त्रक्रिया प्रकरणावर का?

कारण ही सारणी जन्माला आली तीच मुळी ओझं हलकं करण्यासाठी. दिमित्री मेंडेलीव्ह 1860च्या दशकाच्या अखेरीस सेंट पीटर्सबर्गच्या विद्यापीठात शिकवत होते आणि विद्यार्थ्यांसाठी रसायनशास्त्राचं पाठ्यपुस्तक लिहीत होते. तेव्हा त्रेसष्ट मूलद्रव्यं ठाऊक होती. पहिला खंड संपत आला तरी त्यांतली मोजकीच लिहून झाली होती; बाकी सगळी दुसऱ्या खंडात कोंबायची होती. एकेका मूलद्रव्याची जंत्री देत गेलं तर पुस्तक संपणार नाही आणि विद्यार्थ्याच्या हाती काही लागणार नाही, हा पेच होता. क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन या हॅलोजनांवर लिहून झाल्यावर सोडियम-पोटॅशियमच्या घराण्याकडे वळताना त्यांनी एका घराण्याची अणुवस्तुमानं दुसऱ्याच्या शेजारी मांडून पाहिली, आणि 1869 मध्ये सारणी उभी राहिली. आजच्या आपल्या अभ्यासक्रम समित्यांपुढे जो प्रश्न आहे, अगदी तोच मेंडेलीव्ह यांच्यापुढे होता: मजकूर फार, वेळ थोडा. त्यांनी मजकूर कापला नाही, त्याच्यातला क्रम शोधला. ओझं कमी करण्याच्या नावाखाली सारणीच काढली, तर मुलाच्या हाती सुटी मूलद्रव्यं आणि सुट्या अभिक्रिया उरतात, आणि त्या लक्षात ठेवायला घोकंपट्टीशिवाय दुसरा मार्ग राहत नाही.

स्तंभाची ताकद किती असते, हे सहा वर्षांत जगाला कळलं. मेंडेलीव्ह यांनी ॲल्युमिनियमच्या खाली एक जागा रिकामी सोडली होती आणि तिथे येणाऱ्या धातूचे गुणधर्म लिहून ठेवले होते. 1875 मध्ये फ्रान्समध्ये लकॉक द ब्वाबोद्रां यांना गॅलियम सापडलं; घनता मोजली ती 4.7 आली. गॅलियम डोळ्यांनी कधीही न पाहिलेल्या मेंडेलीव्ह यांनी कळवलं, की ती 5.9 च्या आसपास असली पाहिजे, नमुना नीट शुद्ध करून पुन्हा मोजा. पुन्हा मोजली, 5.9 आली. मग 1879 मध्ये स्कँडियम आणि 1886 मध्ये जर्मेनियम, दोन्ही आधीच सोडलेल्या जागांवर येऊन बसले. ज्याच्याकडे पदार्थ होता त्याच्यापेक्षा ज्याच्याकडे स्तंभ होता त्याला जास्त ठाऊक होतं, हे पंधरा वर्षांच्या मुलाला कळण्यासारखं नाही का? मला तर वाटतं, याहून चांगला धडा त्या वयात देताच येणार नाही.

आणि नागपूरकरांना हा धडा शिकवायला रशिया-फ्रान्सपर्यंत जायचीही गरज नाही. मँगनीज आपल्या घरचं आहे. मनसर, कांद्री, गुमगाव या खाणी नागपूर जिल्ह्यात, चिखला आणि डोंगरी बुजुर्ग शेजारच्या भंडाऱ्यात, आणि हे खनिज काढणाऱ्या मॉयलचं मुख्यालय नागपुरात. हे मँगनीज पोलादात जातं, हे रामटेकच्या वाटेवरचं कुणीही सांगेल. पण सारणीत ते कुठे बसतं? मेंडेलीव्ह यांनी त्याला सातव्या गणात बसवलं होतं, म्हणजे क्लोरीन आणि आयोडीनच्याच गणात. एक कठीण, करडा धातू आणि एक हिरवट पिवळा, दम कोंडणारा वायू एका घरात! वरवर पाहिलं तर वेडेपणा. पण विहिरीत टाकायचं ते जांभळं पोटॅशियम परमँगनेट घ्या आणि त्याच्याजवळ पांढरं पोटॅशियम परक्लोरेट ठेवा: दोन्हींचे स्फटिक एकाच घडणीचे, दोन्हींत मधल्या अणूभोवती चार ऑक्सिजन, दोन्ही जोरकस ऑक्सिडीकारक. मँगनीज आणि क्लोरीन, दोघांकडेही बंधात गुंतवता येतील असे सात इलेक्ट्रॉन आहेत, आणि सातही कामी लागले की दोघं सारखे वागतात. मँगनीजचे फक्त दोनच इलेक्ट्रॉन गेले, की मात्र ते लोखंडासारखं वागणारा साधा धातू होतं. म्हणून आजच्या अठरा गणांच्या सारणीत क्लोरीन सतराव्या गणात आणि मँगनीज सातव्या गणात, असं त्यांना वेगळं केलं आहे. जुनी मांडणी चुकीची होती असं म्हणून सोडून देऊ नये. ती एका नात्याकडे बोट दाखवत होती आणि नवी मांडणी दुसऱ्या नात्याकडे दाखवते.

त्याच मँगनीजच्या खालचं घर मेंडेलीव्ह यांनी रिकामं ठेवलं होतं. त्या घरातला रहिवासी शोधायला पुढची जवळजवळ सत्तर वर्षं रसायनशास्त्रज्ञांनी खनिजं पालथी घातली. तो सापडला नाही, कारण त्याचा एकही समस्थानिक (त्याच मूलद्रव्याचा वेगळ्या वजनाचा अणू) स्थिर नाही. पृथ्वी घडली तेव्हा जेवढा होता तेवढा केव्हाच विरून गेला. 1937 मध्ये इटलीतल्या पालेर्मोत सेग्रे आणि पेरिये यांना तो मिळाला तो अमेरिकेतल्या सायक्लोट्रॉनमध्ये, म्हणजे कण वेगानं आदळवणाऱ्या यंत्रात, मारा झालेल्या मॉलिब्डेनमच्या पत्र्यात. हे टेक्नेशियम. आज त्याचाच एक समस्थानिक, सहा तासांत निम्मा होणारा, रुग्णालयांत हाडांचा आणि थायरॉइडचा स्कॅन काढायला रोज वापरला जातो. थायरॉइड ग्रंथी त्याला आत का घेते? कारण परमँगनेटसारखाच घडलेला त्याचा आयन आकारानं आणि प्रभारानं आयोडाइडसारखा आहे, आणि ग्रंथीला दोघांतला फरक दारात ओळखता येत नाही. मनसरच्या खाणीपासून स्कॅनच्या खोलीपर्यंतचा हा रस्ता एका स्तंभातून जातो. दहावीच्या मुलाला हे सांगितलं तर त्याच्यावर ओझं पडेल, की त्याला आपल्या जिल्ह्याकडे बघायला नवे डोळे मिळतील?

आता विरोधातला सर्वांत वजनदार मुद्दा. तो पालकांचा नाही, रसायनशास्त्राच्या चांगल्या शिक्षकांचा आहे. ते म्हणतात, गणांचे नियम फार ढोबळ आहेत. चौदाव्या गणात वर कार्बन आहे आणि खाली शिसं. या दोघांत साम्य काय दाखवणार? हायड्रोजनला लिथियमच्या डोक्यावर बसवलं म्हणून तो धातू होत नाही. अठराव्या गणाला पिढ्यान्‌पिढ्या निष्क्रिय म्हटलं आणि 1962 मध्ये नील बार्टलेट यांनी झेनॉनचं संयुग तयार करून दाखवलं. मुलांना आधी सुबक नियम शिकवायचा आणि मग अकरावीत त्याचे अपवाद मोजायचे, यापेक्षा रसायन नीट समजेल त्या वयातच शिकवा. या म्हणण्यात तथ्य आहे. गणाचा नियम मंत्रासारखा शिकवला तर तो फसतोच.

पण अपवादांकडे जरा नीट पाहा. झेनॉन फ्लोरीनशी जोडला जाईल, हे रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी 1933 मध्येच, संयुग तयार होण्याच्या एकोणतीस वर्षं आधी सांगितलं होतं. कशाच्या आधारे? स्तंभात खाली उतरताना अणू मोठा होतो आणि बाहेरच्या इलेक्ट्रॉनांवरची पकड सैल होते, याच आधारे. म्हणजे ‘निष्क्रिय’ हे नाव खोटं ठरलं, स्तंभ नाही. गणात सर्वांत वर बसलेला सदस्य बाकीच्यांपेक्षा विक्षिप्त वागतो, याचंही कारण तेच आहे: तो फार लहान असतो. फ्लोरीन हे त्याचं उत्तम उदाहरण, आणि विदर्भाला ते पुस्तकाबाहेरही ठाऊक आहे. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या कित्येक गावांत बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडनं दातांवर तपकिरी डाग पडतात आणि पुढे हाडं वाकतात. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 1 मिलिग्रॅम ही मर्यादा, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत. ज्यानं स्तंभ फक्त पाठ केलाय तो म्हणेल, क्लोराइड आणि फ्लोराइड भाऊ-भाऊ, सारखेच. पण कॅल्शियम क्लोराइड हवेतला ओलावा शोषूनही विरघळतं आणि कॅल्शियम फ्लोराइड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. त्यामुळे ज्या भूजलात कॅल्शियम भरपूर असतं तिथे फ्लोराइड सहसा खाली बसतं, आणि ज्यात कॅल्शियम कमी, जे जिभेला मऊ लागतं, अशा पाण्यात ते वाढू शकतं. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतं. चुना आणि तुरटी वापरून ते काढण्याची नलगोंडा पद्धत याच शहरातल्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं विकसित केली. हा सगळा विचार एका स्तंभातल्या साम्याचा आणि त्याच स्तंभातल्या फरकाचा आहे. अपवाद लपवून गण शिकवू नये हे मान्य. पण गण शिकवल्याशिवाय हा अपवाद मुलाला दिसणार तरी कसा?

साम्य आणि फरक एकत्र येतात तिथेच धोका असतो, आणि सामान्य माणसाचा सारणीशी खरा संबंध तिथेच येतो. काटोल-नरखेडच्या संत्र्याच्या बगीच्यांत जस्ताची कमतरता नेहमीची. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत जस्त असलं तरी झाडाला घेता येत नाही, पानं बारीक आणि शिरांमध्ये पिवळी पडतात, मग झिंक सल्फेटची फवारणी करावी लागते. सारणीत जस्ताच्या खाली कॅडमियम आहे आणि त्याच्याखाली पारा. जपानमध्ये जिन्झू नदीच्या वरच्या अंगाला जस्त-शिशाची खाण होती. जस्ताच्या खनिजात कॅडमियम बरोबरीनं सापडतं, कारण दोघं सारखे आहेत. खाणीचं पाणी नदीत गेलं, नदीचं भातशेतीत, आणि भातानं कॅडमियम उचललं, कारण मुळांना ते जस्तासारखंच वाटलं. खाणाऱ्यांची मूत्रपिंडं गेली, हाडं ठिसूळ होऊन नुसत्या खोकल्यानं मोडू लागली, कारण शरीराच्या आत गेल्यावर ते जस्तासारखं वागलं नाही. कॅडमियम हेच कारण असल्याचं जपान सरकारनं मान्य केलं 1968 मध्ये. काही फॉस्फेट खतांत मूळ खडकातून आलेलं कॅडमियम अल्प प्रमाणात असतं, म्हणून खत घेणाऱ्या शेतकऱ्याला हा स्तंभ ठाऊक असणं ही चैन नव्हे.

दुसरं उदाहरण पहिल्या गणाचं. 1940 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत हृदयरोग्यांना मीठ बंद करायला सांगितलं जाई, आणि त्यांच्यासाठी लिथियम क्लोराइड मिठाऐवजी बाजारात आलं. चव खारटच, गण तोच. 1949 मध्ये विषबाधा होऊन काही रुग्ण दगावले आणि ते बाजारातून काढावं लागलं. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी लिथियमचे क्षार उन्मादाच्या रुग्णांना देऊन गुण येतो असं दाखवलं, आणि आजही मानसोपचारात ते रक्तातलं प्रमाण तपासत वापरलं जातं. ‘एकाच गणातलं आहे, चालेल’ हे अर्धं ज्ञान जीव घेतं. उरलेलं अर्धं शिकवायचं की पहिलंही काढून टाकायचं?

‘आता सगळं फोनवर मिळतं’ हा मुद्दा मला फार कमकुवत वाटतो, पण तो इतक्या वेळा ऐकू येतो की त्याला उत्तर द्यावं लागतं. 1866 मध्ये जॉन न्यूलँड्स यांनी लंडनच्या केमिकल सोसायटीत अष्टकांचा नियम (अणुवस्तुमानाच्या क्रमानं लावलं तर दर आठव्या मूलद्रव्यात गुणधर्म परत येतात) मांडला, तेव्हा एका सभासदानं त्यांना विचारलं होतं, की मूलद्रव्यं आद्याक्षरांप्रमाणे लावून पाहिलीत का. तो टोमणा होता. पण फोन नेमकं तेच देतो: नाव टाका, माहिती घ्या. कॅडमियमबद्दल शोधावं, हे जस्त फवारणाऱ्याला सुचणार कशावरून? शेजारी कोण आणि खाली कोण, हे ठाऊक असेल तरच.

आणि ‘अकरावीत आहेच की’? अकरावीत आहे, विज्ञानवाल्यांना. दहावीनंतर आयटीआयला जाणारा, वाणिज्य किंवा कला शाखेला जाणारा, शेतीत राहणारा मुलगा किंवा मुलगी यांच्यासाठी दहावी हाच विज्ञानाचा शेवट असतो. हिंगणा आणि बुटीबोरीच्या कारखान्यांत ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टील जोडताना वेल्डर आर्गॉनचा झोत वापरतो. तापलेल्या धातूला हवेतल्या ऑक्सिजनपासून वाचवायला आर्गॉनच का, हेलियम का महाग पडतो, हे त्याला अठराव्या गणावरून आणि हवेत आर्गॉन जवळजवळ एक टक्का असतो या एका आकड्यावरून कळतं. त्याला हे कळण्याचा अधिकार डॉक्टर होणाऱ्या मुलापेक्षा कमी का असावा? इलेक्ट्रॉन संरचना त्या वयात झेपत नाही, असंही सांगितलं जातं. मेंडेलीव्ह यांनी सारणी मांडली तेव्हा इलेक्ट्रॉन सापडलाच नव्हता. तो सापडला 1897 मध्ये. त्यांनी स्तंभ लावले ते पदार्थांच्या वागण्यावरून, आणि दहावीच्या मुलालाही तसंच शिकवता येतं: मॅग्नेशियमची फीत थंड पाण्यात टाका, मग गरम पाण्यात, कॅल्शियमचा तुकडा थंड पाण्यात, आणि फळ्यावर लिहायच्या आधी मुलांनाच विचारा, याच्या खालचं स्ट्राँशियम काय करेल आणि त्याच्या खालचं बेरियम काय करेल. इलेक्ट्रॉन नंतर आला तरी चालेल.

हे करायला नागपूरइतकं सोयीचं शहर दुसरं शोधून सापडणार नाही. भारतीय खाण ब्यूरोचं मुख्यालय इथे, मॉयल इथे, नीरी इथे, वाडीला ॲल्युमिनियम संशोधन केंद्र, लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था इथे. एका शाळेनं एका वर्षात यांतल्या एकाशी जरी संबंध जोडला, तरी एका गणाचा धडा शहरातूनच उभा राहतो. पण परीक्षा बदलल्याशिवाय यातलं काही टिकणार नाही, कारण जे विचारलं जातं तेच शिकवलं जातं. इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षी मुलं जीसीएसईची परीक्षा देतात, तिथे रसायनशास्त्राच्या पेपरसोबत आवर्तसारणी छापून देतात. राज्य मंडळानंही दहावीच्या प्रश्नपत्रिकेच्या शेवटच्या पानावर ती छापावी, आणि केंद्रीय मंडळानं प्रकरण परत आणताना तेच करावं. मग ‘दुसऱ्या गणातील मूलद्रव्यांची नावे लिहा’ हा प्रश्न आपोआप निकामी होईल आणि परीक्षकाला दुसरा शोधावा लागेल. उदाहरणार्थ हा: एका गावातील बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आणि कॅल्शियम कमी आढळले; शेजारच्या गावात उलट आढळले; सारणी समोर ठेवून कारण लिहा, आणि क्लोराइडबाबत असेच घडेल का ते सांगा. चार गुण.